सेगा गेला, सोनिक राहिला

एखादी कंपनी बंद पडते तेव्हा तिच्या कामगारांचं काय होतं याची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्या कंपनीची वस्तू ज्यांच्या घरात आहे, त्यांचं काय होतं याचा विचार सहसा कुणी करत नाही. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड भागातल्या कितीतरी घरांत व्हिडिओकॉनचा टीव्ही होता. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, आपल्या महाराष्ट्रातली ही कंपनी. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टीव्ही मात्र दुसऱ्या दिवशीही लागत होता. बिघडला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक होता, कुठलातरी सुटा भाग बसवून तो चालता करून देत होता. टीव्ही कुठल्याही कंपनीचा असला तरी बातम्या त्याच दिसतात, मालिकाही त्याच.

व्हिडिओ गेमच्या यंत्राचं तसं नसतं. टीव्हीला जोडून खेळायच्या या यंत्राला गेम कन्सोल म्हणतात. ते घेणारा माणूस पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यावर येणाऱ्या खेळांच्या भरवशावर पैसे मोजतो. एका कंपनीच्या यंत्रासाठी केलेला खेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही. त्यामुळं नवे खेळ यायचे थांबले की चांगलं धडधाकट यंत्र ऊस न आलेल्या गुऱ्हाळासारखं होऊन बसतं. चरक फिरतोय, चुलवाण तयार आहे, काहील घासूनपुसून ठेवली आहे, आणि उसाची गाडीच येत नाही.

असं होईल की काय, ही शंका सध्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सबद्दल बोलून दाखवली जाते. मायक्रोसॉफ्ट म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक. तरीही हे यंत्र घेतलेली मंडळीच विचारतात, की आता याचं पुढं काय? २०२४ पासून खास एक्सबॉक्सचे म्हणून ओळखले जाणारे खेळ प्रतिस्पर्धी सोनीच्या प्लेस्टेशनवर यायला लागले. २०२५ मध्ये अमेरिकेत या यंत्राची किंमत दोनदा वाढली. यंत्र जुनं होईल तसं ते स्वस्त होत जायचं, हा या धंद्याचा कित्येक वर्षांचा रिवाज. इथं उलटं घडलं. किंमत सोनीनंही वाढवली, हे सांगायला हवं; पण सोनीचं यंत्र राहील की जाईल, असं कुणी विचारत नव्हतं.

अशीच चर्चा पंचवीस वर्षांपूर्वी सेगा या जपानी कंपनीबद्दल चालू होती. तिचा निकाल ३१ जानेवारी २००१ रोजी लागला. ती हकिगत नीट पाहिली तर यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न दुय्यम ठरतो. आधीचं यंत्र ज्यानं घेतलं, त्याला कंपनीनं कसं वागवलं, यावर सगळं फिरतं.

सेगा हे जपानी नाव नव्हे. ‘सर्व्हिस गेम्स’ या दोन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून ते झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या तळांवर सैनिकांच्या करमणुकीसाठी नाणं टाकून खेळायची यंत्रं पुरवणारे काही व्यापारी होते. १९५१ साली अमेरिकेत या प्रकारच्या जुगारी यंत्रांवर कायद्यानं बंधनं आली, तेव्हा त्यांनी आपला धंदा जपानकडं वळवला. डेव्हिड रोझेन नावाचा अमेरिकी हवाई दलातला एक माजी सैनिक त्याच सुमाराला टोकियोत ओळखपत्राचे फोटो काढून देणाऱ्या स्वयंचलित केबिन चालवत होता. १९६५ साली या दोघांचे व्यवसाय एकत्र आले आणि सेगा एंटरप्रायझेस उभी राहिली. म्हणजे अमेरिकी माणसांनी जपानात काढलेली, पुढं जपानी झालेली आणि सर्वांत मोठं यश पुन्हा अमेरिकेत मिळवलेली ही कंपनी. तिच्या टोकियोच्या आणि कॅलिफोर्नियाच्या कचेऱ्यांचं एकमेकांशी कधी फारसं पटलं नाही, त्याचं बीज कदाचित इथंच असावं.

१५ जुलै १९८३ रोजी सेगानं घरात खेळायचं पहिलं यंत्र जपानात विक्रीला आणलं. योगायोग असा, की त्याच दिवशी निन्टेन्डो कंपनीनं आपलं ‘फॅमिकॉम’ बाजारात आणलं. मारिओ नावाचा मिशाळ प्लंबर ज्यावर उड्या मारत आला, ते हे यंत्र. पहिल्या कुस्तीत निन्टेन्डोनं सेगाला उभंही राहू दिलं नाही.

सेगानं जोर मारला तो १९८८ मध्ये. ‘मेगा ड्राइव्ह’ हे नवं यंत्र त्या वर्षी जपानात आलं, पुढच्या वर्षी ‘जेनेसिस’ या नावानं अमेरिकेत गेलं. अमेरिकेतल्या कचेरीची सूत्रं १९९० मध्ये टॉम कॅलिन्स्की यांच्याकडं आली. ते खेळण्यांच्या व्यापारातून, बार्बी बाहुलीच्या मॅटेल कंपनीतून आलेले. यंत्राची किंमत कमी करा, आणि आपला सर्वांत चांगला खेळ यंत्राबरोबर द्या, असा सल्ला त्यांनी टोकियोला दिला. तो खेळ म्हणजे जून १९९१ मध्ये आलेला ‘सोनिक’. निळ्या रंगाचा, वाऱ्यासारखा पळणारा साळिंदरासारखा प्राणी. मारिओ जरा सावकाश चालणारा, सोनिक सुसाट. अमेरिकेतली पोरं दोन तटांत विभागली गेली. काही काळ सेगा तिथं निन्टेन्डोच्या पुढं होती. जगभरात या यंत्राची विक्री तीन कोटींच्या घरात गेली.

या धंद्याचं गणित इथंच समजून घ्यायला हवं. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा ठेवत नाही. कित्येकदा तोटा सोसूनही ते विकते. पैसा मिळतो तो नंतर विकल्या जाणाऱ्या खेळांतून, आणि इतर कंपन्या त्या यंत्रासाठी खेळ तयार करतात त्यांच्याकडून मिळणाऱ्या हिश्श्यातून. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांचं गणितही अलीकडं नुसत्या साखरेवर बसत नाही, वीज आणि इथेनॉल हाताला लागतं तेव्हा कुठं ताळेबंद जुळतो, तसंच काहीसं. यंत्र जास्त घरांत असेल तर त्यासाठी खेळ बनवणारे पुढं येतात. खेळ जास्त असतील तर यंत्र घेणारे पुढं येतात. हे चाक एकदा पुढं फिरायला लागलं की फिरतच राहतं, आणि उलटं फिरलं तरी तसंच.

ते उलटं फिरवायला सेगानं स्वतःच सुरुवात केली. मेगा ड्राइव्ह जोरात असताना त्याला जोडायचं सीडीचं उपकरण काढलं. अमेरिकेत ते १९९२ मध्ये आलं, किंमत २९९ डॉलर, म्हणजे मूळ यंत्रापेक्षाही महाग. त्यावर दमदार खेळ मोजकेच निघाले. मग नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘थर्टी-टू एक्स’ नावाचं आणखी एक जोडउपकरण आलं, १५९ डॉलरचं. जुनं यंत्र नव्या ताकदीचं होईल, असं त्याबद्दल सांगण्यात आलं. आणि त्याच नोव्हेंबरात, त्याच कंपनीनं, जपानात ‘सॅटर्न’ हे पूर्णपणे नवं यंत्र विक्रीला काढलं! ज्यानं पोराच्या हट्टापायी जोडउपकरण घेतलं, त्याला वर्षभरातच कळलं की त्यावर आता काही येणार नाही. एका घरात टीव्हीखाली सेगाचे तीन-तीन डबे, तीन अडॅप्टर, आणि खेळायला जुनेच खेळ. हे गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आलं तर सेगाचं नाव काढील का?

मग ११ मे १९९५ चा दिवस आला. लॉस एंजेलिसला व्हिडिओ गेमच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार असं आधी जाहीर झालं होतं. त्या दिवशी कॅलिन्स्की व्यासपीठावर गेले आणि यंत्र आजच दुकानांत पोचलंय, किंमत ३९९ डॉलर, असं सांगून त्यांनी सगळ्यांना चकित केलं. निर्णय टोकियोचा होता. कॅलिन्स्की यांचं मत वेगळं होतं. यंत्र पोचलं होतं ते निवडक चार दुकान-साखळ्यांत. बाकीचे व्यापारी भडकले. एका मोठ्या खेळणी-विक्रेत्यानं तर सॅटर्न ठेवायचंच बंद केलं. खेळ बनवणाऱ्या कंपन्या सप्टेंबरचा हिशोब धरून काम करत होत्या, त्यांचे खेळ तयार नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस बोलायला उठले, माइकसमोर गेले, ‘टू नाइंटी नाइन’ एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. सोनीच्या नव्या प्लेस्टेशनची ती किंमत होती, सेगापेक्षा १०० डॉलरनं कमी. व्यापारातलं इतकं छोटं आणि इतकं परिणामकारक भाषण दुसरं क्वचितच झालं असेल.

आता आपल्याकडं येऊ. याच १९९५ साली सेगा अधिकृतपणे भारतात आली. आणली कुणी? शॉ वॉलेसनं. होय, मद्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेली तीच कंपनी. बाहेरून तयार यंत्र आणलं तर ८० टक्के आयातशुल्क बसत होतं, ते टाळण्यासाठी हा करार झाला. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत ठेवली गेली १८,००० रुपये. आणि ध्यानात घ्या, अमेरिका-जपानात सेगानं ज्या वर्षी हे यंत्र बाजूला सारून सगळं लक्ष सॅटर्नकडं वळवलं, त्याच वर्षी ते आपल्याकडं नवं म्हणून आलं.

अठरा हजार म्हणजे तेव्हा किती? १९९५-९६ च्या हंगामात केंद्र सरकारनं उसाची किमान किंमत क्विंटलला ४२ रुपये ५० पैसे ठरवली होती, म्हणजे टनाला ४२५ रुपये. आपल्याकडचे कारखाने प्रत्यक्षात त्याहून जास्त देत असत. पण किमान दरानं हिशोब केला तर एका मेगा ड्राइव्हसाठी बेचाळीस टन ऊस घालावा लागला असता. शिरोळच्या काळ्या रानातसुद्धा हे साधारण एका एकराचं उत्पन्न झालं. वर्षभर पाणी पाजलेला एकरभर ऊस पोराच्या खेळण्यासाठी कोण देणार?

म्हणून शिरोळात सेगा आली नाही. आले ते ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘सामुराई’ अशा नावांचे डबे, ज्यांवर निन्टेन्डोच्या जुन्या फॅमिकॉमचे खेळ चालत. यातले बहुतेक मूळ यंत्राची नक्कल होते आणि हजार-दोन हजारांच्या आत मिळत. खेळाच्या चौकोनी डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत आणि हातातल्या बटणांच्या पट्टीला ‘रिमोट’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं, आत खेळ फार तर पाच-दहा; तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस, रणगाड्यांची लढाई, बदकं मारायची बंदूक. कॅसेट लागली नाही की तोंडानं फुंकर मारायची. याचा उपयोग होतो असं सगळ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानंच ती लागत असावी. कॉन्ट्राच्या सहाव्या-सातव्या टप्प्यावर पोचलं की भारनियमन सुरू व्हायचं, आणि हे खेळ साठवून ठेवायची सोय नसल्यानं वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पुष्कळांना आपण मूळ जपानी खेळ खेळतोय याचा पत्ताही नव्हता. त्या नकलेतून निन्टेन्डोला पैसा मिळाला नाही, पण एक पिढी मारिओला ओळखायला लागली. सोनिकला ओळखणारे त्या मानानं फार थोडे.

हे असंच घडायला हवं होतं असं नाही. सेगाच्याच बाबतीत ब्राझीलचं उदाहरण आहे. तिथंही आयात महाग, सामान्य माणसाचा खिसा आपल्यासारखाच. पण तिथं टेकटॉय ही १९८७ साली स्थापन झालेली स्थानिक कंपनी सेगाची भागीदार झाली. तिनं यंत्रं ब्राझीलमध्येच, मनाऊसच्या कारखान्यात जुळवली. एवढ्यावर ती थांबली नाही. ब्राझीलच्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मोनिका नावाच्या मुलीच्या चित्रकथा आहेत. टेकटॉयनं १९९१ मध्ये सेगाचा एक खेळ घेऊन त्यातला नायक काढला आणि तिथं मोनिकाला बसवलं. भाषा पोर्तुगीज केली. आपल्याकडं चिंटूला किंवा फास्टर फेणेला घेऊन त्या काळी कुणी असा खेळ काढला असता तर काय झालं असतं, अशी कल्पना करून पाहावी. ब्राझीलमध्ये सेगाचं ‘मास्टर सिस्टीम’ हे जुनं यंत्र लाखोंनी खपलं. जपान-अमेरिकेत ते केव्हाच बंद झालं. ब्राझीलमध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या एकविसाव्या शतकातही विकल्या गेल्या. सेगानं यंत्रं बनवायचं सोडल्यानंतरही तिथल्या दुकानात सेगाचं यंत्र मिळत होतं!

आपल्याकडं तंत्रज्ञान किंवा कारखाने नव्हते म्हणून असं झालं, हे म्हणणं मला पटत नाही. तोशिबाच्या सहकार्यानं रंगीत टीव्ही महाराष्ट्रात तयार होत होते. खेळ ही पैसे घालण्याजोगी गोष्ट आहे, असं मात्र कुणा उद्योजकाला वाटलं नाही. पालकांना तर नाहीच नाही.

सॅटर्नकडं परत येऊ. जपानात त्याला बरा आधार मिळाला, पण एकूण विक्री ९० लाखांच्या पुढं थोडीशीच सरकली. प्लेस्टेशन पुढं दहा कोटींवर गेलं. १९९७ मध्ये अमेरिकेतले सेगाचे नवे अधिकारी बर्नी स्टोलर यांनी जाहीरपणे सांगून टाकलं, की सॅटर्न हे आमचं भविष्य नाही. खरं होतं ते. पण दुकानात सॅटर्न अजून विकायला होतं! मालकानंच असं म्हटल्यावर ते घेणार कोण, आणि त्यासाठी खेळ बनवणार कोण? ज्यांनी आदल्याच दिवाळीत ते घेतलं, आपल्या भाषेत सांगायचं तर, त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली.

त्यानंतर सेगानं जे यंत्र बनवलं ते खरोखर चांगलं होतं. ‘ड्रीमकास्ट’ त्याचं नाव. २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानात आणि ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत आलं. अमेरिकेतली किंमत १९९ डॉलर. इंटरनेटला जोडायचा मोडेम आतच बसवलेला, आणि तोही अशा काळात की आपल्याकडं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ई-मेल पाहिला जात होता. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख यंत्रं खपली. मागच्या चुकांतून कंपनी शिकली होती. व्यापाऱ्यांना आधी विश्वासात घेतलं होतं, खेळ तयार ठेवले होते.

पण शिकायला उशीर झाला होता. खेळांच्या दुनियेत फार मोठी असलेली इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स ही कंपनी ड्रीमकास्टसाठी खेळ करायला तयार झाली नाही. गिऱ्हाइकांनी तर सरळ थांबायचं ठरवलं. मार्च २००० मध्ये जपानात सोनीचं प्लेस्टेशन-२ आलं. त्यात डीव्हीडीवरचे सिनेमे पाहायची सोय होती, म्हणजे घरात एका डब्यात दोन कामं. शिवाय ड्रीमकास्टच्या खेळांच्या नकला साध्या सीडीवर उतरवता येतात हे २००० मध्ये उघड झालं. यंत्रावर आधीच तोटा, आणि खेळ फुकट वाटले जाताहेत. तरीही माझ्या मते ड्रीमकास्टला चोरट्या सीडींनी मारलं हे म्हणणं पुरेसं नाही. प्लेस्टेशनच्या खेळांचीही उदंड चोरी होत होती. आपल्याकडं तर प्लेस्टेशन-२ लोकप्रिय झालं त्यात स्वस्त चोरट्या डिस्कचा वाटा मोठा होता. फरक इतकाच, की सोनीचं यंत्र पाच वर्षांनीही असेल याची लोकांना खात्री होती. सेगाबद्दल ती उरली नव्हती.

३१ जानेवारी २००१ रोजी सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन ३१ मार्चला थांबवत असल्याचं आणि यापुढं घरगुती यंत्रं न बनवता इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनवणार असल्याचं जाहीर केलं. जगभरात एकूण ९१ लाखांवर ड्रीमकास्ट विकली गेली.

या प्रसंगातला एक माणूस लक्षात ठेवण्याजोगा आहे. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा. १९९९ मध्ये कंपनी अडचणीत असताना त्यांनी स्वतःच्या पैशातून ५० कोटी डॉलर कर्जाऊ दिले होते. पुढं ते आजारी पडले. जाण्याआधी त्यांनी ते कर्ज माफ केलं, आणि आपल्याकडचे जवळपास ७० कोटी डॉलर किमतीचे समभाग कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ रोजी ते वारले. यंत्रांच्या धंद्यातून सेगानं बाहेर पडावं असं त्यांचंच मत झालं होतं. बाहेर पडायलाही पैसा लागतो. तो त्यांनी दिला, म्हणून सेगा हे नाव टिकलं. २००४ मध्ये सॅमी या कंपनीशी तिचं एकत्रीकरण झालं. जिच्याशी दहा वर्षं कुस्ती खेळली त्या निन्टेन्डोच्या यंत्रावर सोनिक डिसेंबर २००१ मध्ये अवतरला, आणि २००७ मध्ये तर मारिओ आणि सोनिक ऑलिंपिकवरच्या एकाच खेळात बरोबरीनं पळाले.

सेगाची जागा रिकामी झाली ती भरायला त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आली. १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत पहिलं एक्सबॉक्स विक्रीला आलं. हे अगदीच परकं घराणं नव्हतं. ड्रीमकास्टच्या डब्यावर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईचं नाव छापलेलं असे. सेगाच्या अमेरिकेतल्या कचेरीचे प्रमुख पीटर मूर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच गेले. दुसरं यंत्र, एक्सबॉक्स-३६०, खूप चाललं. आठ कोटींच्या वर खपलं. २००७ मध्ये त्यातला बिघाड मोठ्या प्रमाणावर पुढं आला, यंत्रावर लाल दिवे लागून ते बंद पडायला लागलं. तेव्हा कंपनीनं हमीची मुदत तीन वर्षांवर नेली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च अंगावर घेतला. सेगानं जे केलं नव्हतं ते इथं केलं गेलं, आणि गिऱ्हाईक टिकलं.

भारतात हे यंत्र सप्टेंबर २००६ मध्ये आलं, वीस ते चोवीस हजारांच्या आसपास. जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराजसिंग. क्रिकेटचा एक खेळ युवराजच्या नावानं काढला गेला. निदान भारतीय घराकडं पाहून काही करावं ही जाण त्यात होती. पुढच्या खेपेला ती दिसली नाही. एक्सबॉक्स वन हे तिसरं यंत्र जगात नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं आणि भारतात पोचायला सप्टेंबर २०१४ उजाडला. तेही सुरुवातीला एकाच ऑनलाइन विक्रेत्याकडं. प्लेस्टेशन-४ तोवर आठ महिने दुकानांत होतं. १९९५ चे अमेरिकेतले दुकानदार आठवा. ज्याला माल मिळाला नाही तो दुकानदार गिऱ्हाइकाला दुसरंच नाव सुचवतो. जगभरातही तिसऱ्या यंत्राची सुरुवात चुकली. जुनी डिस्क दुसऱ्याला देण्याघेण्यावर बंधनं घालायचा बेत आधी जाहीर झाला आणि लोक चिडल्यावर जून २०१३ मध्ये मागं घ्यावा लागला. किती यंत्रं विकली हा आकडा सांगणंच कंपनीनं २०१५ पासून सोडून दिलं.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं पैशाच्या जोरावर वाट काढायचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही खेळ बनवणारी कंपनी ६,८७० कोटी डॉलरना विकत घेतली. एवढा पैसा घातल्यावर ते खेळ फक्त आपल्याच यंत्रावर ठेवणं परवडत नाही. जिथं गिऱ्हाईक असेल तिथं ते विकावे लागतात. २०२४ च्या शेवटी तर कंपनीची जाहिरातच अशी आली, की मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, सगळंच एक्सबॉक्स. ज्यानं २०२० मध्ये ४९,९९० रुपये मोजून एक्सबॉक्स घरी आणलं, त्यानं ही जाहिरात पाहून काय समजायचं?

सेगाच्या आणि या प्रकरणात एक मोठा फरक आहे. मायक्रोसॉफ्टला ओकावांसारख्या दात्याची गरज नाही. नाव टिकवायला तिच्याकडं हवा तेवढा पैसा आहे. पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर आजची अवस्था २००१ पेक्षा नाजूक आहे. ड्रीमकास्ट बंद पडलं तरी घेतलेल्या डिस्क घरात होत्या, त्या आजही लागतात. आता बहुतेक खेळ डिस्कवर नसतात, कंपनीच्या खात्यात असतात. आपल्या तालुक्याला २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची आठवण आहे. कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा टीव्ही, मिक्सर, वह्या-पुस्तकं सगळं चिखलात गेलं. अशा गावात राहणाऱ्याला खात्यातली वस्तू जास्त सुरक्षित वाटली तर नवल नाही. यंत्र वाहून गेलं तरी दुसरं आणलं की खेळ पुन्हा उतरवून घेता येतात. ते दुसरं यंत्र मिळत राहील आणि कंपनी ते दुकान उघडं ठेवील, तोवर. एक्सबॉक्स-३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं. आधी घेतलेले खेळ उतरवून घ्यायची मुभा राहिली, नवे विकत घेणं संपलं. निन्टेन्डोनंही २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांची दुकानं अशीच मिटली. आणि मोबाइलवर खेळणाऱ्या आपल्या मुलांनी २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा पाहिलंच, की हातातला खेळ एका सरकारी आदेशानंही जातो.

म्हणून सध्या कुणी एक्सबॉक्स घ्यायला निघालं असेल तर डिस्क बसणारं घ्यावं की न बसणारं, हा प्रश्न किमतीतल्या फरकापुरता नाही. डिस्कचं यंत्र महाग पडतं. पण डिस्क दुसऱ्याला देता येते, विकता येते, आणि कंपनीनं दुकान मिटलं तरी ती कपाटात राहते.

‘हेलो’ हा खेळ १५ नोव्हेंबर २००१ ला पहिल्या एक्सबॉक्सबरोबरच आला. सोनिक जसा सेगाचा, तसा हेलो एक्सबॉक्सचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याची नवी आवृत्ती २०२६ मध्ये येणार असल्याचं जाहीर केलं, आणि ज्या यंत्रांवर ती चालेल त्यांत सोनीच्या प्लेस्टेशन-५ चं नाव होतं.